दादूकाकाची दोरी

आमच्या हडपसरच्या दोन खोल्यांत रविवारी मासळी शिजायची, आणि ती शिजते आहे हे चाळीला कळू नये म्हणून आई आधी खिडकी लावून घ्यायची. वास बाहेर जायचा तो जायचाच, वर आमच्या कपड्यांनाही लागायचा. शेजारी विदर्भातून कामासाठी आलेलं एक माळकरी कुटुंब होतं. त्या घरच्या काकू नळावर आईला म्हणायच्या, "काल खिडकी लावली होती ना जी तुम्ही, म्हंजे मासोळी मोठीच असंल." आई ओशाळून हसायची आणि तांदळाच्या चार भाकऱ्या त्यांच्याकडे पाठवायची. काकू त्या आधी हुंगून बघायच्या, मग खायच्या. पावसाळ्यात ताजी मासळी मिळेनाशी झाली की फळीवरचा सुक्या बोंबलांचा डबा खाली यायचा. त्याचं झाकण निघताना पत्रा असा काही करकरायचा, की चाळीतलं मांजर चार घरं ओलांडून आमच्या उंबऱ्यावर येऊन बसायचं. बोंबील निखाऱ्यावर भाजायचे, चुरायचे, त्यात कांदा, तिखट, वरून कच्चं तेल. ह्याहून चांगलं जेवण मी नंतर पैसे देऊनही कुठं जेवलो नाही.

मासळी आणायला बाबा स्वतः जायचे. बाजारात आधी काही बोलायचे नाहीत. मासा उचलायचे, कल्ला उघडून रंग बघायचे, पाठीवर अंगठा दाबायचे आणि मग विकणाऱ्याच्या तोंडावर सांगायचे, "हा परवाचा हाय." तो चिडायचा, पण भाव कमी करायचा. एवढं एकच समुद्राचं म्हणून त्यांच्यात उरलं होतं. बाकी समुद्राचं नाव ते काढत नसत. दाभोळच्या खाडीजवळचं आमचं गाव, थोरला भाऊ म्हणून होडी खरं तर त्यांच्याकडे यायची, पण ती धाकट्या भावाच्या, म्हणजे दादूकाकाच्या, हाती देऊन ते विशीच्या आत पुण्याला आले आणि हडपसरच्या एका कारखान्यात लागले. का आलात, असं मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, "भोंगा वाजला की आत जायचं, भोंगा वाजला की बाहेर यायचं. दर्याला भोंगा नसतो." ह्यापलीकडे त्यांनी कधी काही सांगितलं नाही.

मी आता धायरीला चौथ्या मजल्यावर राहतो. फोन सकाळपासून मला इशारे देत असतो, दोन तासांत जोरदार पाऊस, वीज, वारा. मी वाळत घातलेले कपडे आत घेतो. ऊन पडतं. कपडे बाहेर टाकतो आणि पाऊस येतो. सूनबाई म्हणते, "बाबा, तुम्ही त्या फोनवर विश्वास ठेवू नका." मी म्हणतो, मी आभाळावरही ठेवत नाही. तिला ती थट्टा वाटते.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी अभिमानानं सांगतो आणि सांगताना आवाज खाली घेत नाही. हडपसरहून सायकल मारत मी शहरातल्या कॉलेजात जात असे आणि तिथून नारायण पेठेत एका मित्राच्या घरी अभ्यासाला. त्याचे वडील निवृत्त हेडक्लार्क. त्यांनी पहिल्या दिवशी मला चष्म्यावरून न्याहाळलं आणि विचारलं, "आपण हडपसरहून सायकलवर येता? रोज? मग अभ्यास कधी करता, उतारावर?" मला राग आला आणि त्या रागावर मी सहामाहीत वर्गात पहिला आलो. विषय भौतिकशास्त्र. मला बळांच्या आकृत्या फार आवडायच्या. कुठलीही वस्तू घ्या, तिच्यावर कुठून कुठून ओढ लागते आहे त्याचे बाण काढा, बाणांची बेरीज करा, वस्तू कुठं जाणार ते कळतं. मी चालत्या बसकडे बघून बाण काढायचो, नळावरच्या बादलीकडे बघून काढायचो. जगाची किल्ली सापडली असं वाटायचं ते वय. इतरांना ती सापडलेली नाही असंही वाटायचं.

त्या वर्षी दसरा झाल्यावर सुट्टीत मी गावी निघालो. स्टँडवर बाबा सोडायला आले. एसटी हलायच्या आधी खिडकीशी येऊन म्हणाले, "होडीत पाय ठेवायचा न्हाय. दादूला पण सांगून ठेवलंय." मी बरं म्हणालो.

काकाचं घर खाडीच्या तोंडाशी. दारात जाळी, ओट्यावर जाळी, माजघरात खुंटीला जाळी. काकी आत रवीनं सोलकढी घुसळायची, त्याची घरघर आणि बाहेर लाटांची, दोन्ही एका लयीत चालायच्या. काका उंच, हडकुळा, कमी बोलणारा. स्वतःच्या होडीचा तो तांडेल होता, म्हणजे होडीवर शेवटचा शब्द त्याचा. त्याच्याकडे दोन खलाशी होते. त्यातला बाबल्या काकाच्या हाताखाली लहानाचा मोठा झालेला, तिशीच्या आतला, लग्नाला तीन वर्षं झालेली, घरी येसू नावाची बायको आणि रांगणारा मुलगा. बाबल्याचं तोंड क्षणभर बंद नसायचं. मला पाहिल्याबरोबर म्हणाला, "आलं का प्रोफेसर! तुमच्या पुण्यात पाणी नळातनं येतं न्हवं? हितं सगळीकडनं येतं, जपून बसा."

मी पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी दोरी बघायची होती. ही त्या गावाची रीत मी तेव्हाच पाहिली. सुरमईचं जाळं पाण्यात सोडलं की त्याचं एक टोक जाड दोरीनं होडीच्या तोंडाला बांधतात आणि होडी त्या जाळ्यामागून वाहत राहते. त्या दोरीवर सगळा जीव. म्हणून हंगामाला निघण्याआधी खलाशी, त्यांच्या बायका, घरची म्हातारी माणसं अंगणात रांगेनं बसतात आणि दोरी हातातून हातात पुढं सरकवतात, कुठं पीळ सुटलाय का, कुठं मऊ लागते का ते बोटांनी बघत. सगळ्यांचं झालं की तांडेल एकटा ती पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत हातातून काढतो. कुणी बोलत नाही. शेवटचं टोक हाती आलं की तो म्हणतो, "दोरी माझी." एवढंच. त्यानंतर त्या दोरीचं जे काही होईल त्याचा जाब एकट्या तांडेलानं द्यायचा. बाकीच्यांचे हात सुटले. त्या दिवशी येसूवैनी माझ्या शेजारीच बसली होती, मांडीवर पोर आणि बोटांत दोरी. माझ्या हातून दोरी भराभरा सरकली तशी म्हणाली, "भावजी, डोळं लावून काय बघताय, बोटं लावा." काकानं दोरी फिरवून घेतली, थांबला, परत थोडी मागं घेऊन दाबली आणि म्हणाला, "दोरी माझी." ती दोरी चांगली होती. हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवतो. मी तिच्यावर बोटं फिरवली होती. ती बैल बांधावा इतकी चांगली होती.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुसरा खलाशी तापानं पडला. सुरमई लागली होती, शेजारच्या होड्या भरून येत होत्या, आणि तिसऱ्या माणसाशिवाय ते जाळं ओढता येत नाही. काका ओट्यावर विडी ओढत बसला. मीच म्हणालो, "मी येतो." काकानं मान हलवली. मी म्हणालो, "काका, मी काय दोन वर्षांचा आहे? दोर धरायला आणि ओढायला काय अक्कल लागते?" बाबल्या हसला, "येऊ द्या की. भौतिकशास्त्र बघंल." काकानं विडी ओट्यावर घासून विझवली. मग म्हणाला, "दादाला सांगायचं न्हाय."

पहाटे निघालो. जमिनीवरून दर्याकडे जाणारा मतलई वारा होता, शीड सहज भरलं, छोटं मशीन नुसतं नावाला चालू ठेवलं होतं. उजाडलं तेव्हा पाणी असं होतं, की त्यावर कुणी हात फिरवून सुरकुती काढली असावी. मला उलटी झाली नाही ह्याचा मला अभिमान वाटत होता आणि बाबल्याची निराशा झाली होती. जाळं सोडलं. जाळं तरंगतं ठेवणारे बोये पाण्यावर एकामागोमाग एक मांडले गेले, दूरवर त्यांची ओळ लागली. काकानं दोरी होडीच्या तोंडाशी असलेल्या खुंटाला बांधली आणि आम्ही भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी खाल्ली. बाबल्यानं आपल्या पोराच्या चालण्याची नक्कल करून दाखवली, दोन पावलं आणि धप्प. होडी हलत असल्यामुळे ती नक्कल फारच हुबेहूब झाली.

मग दक्षिणेकडे काळं आलं. दहाएक वाजले असतील. थेंब पडले, वारा फिरला, काका उभा राहून बघत राहिला. "ओढूया का?" त्यानं बाबल्याला विचारलं. तेवढ्यात ऊन पडलं, लख्ख, आणि काळं होतं ते बाजूनं निघून गेल्यासारखं वाटलं. बाबल्या म्हणाला, "तासभर राहू. आत्ता कुठं लागायला लागलीय." काकानं पुन्हा आभाळ बघितलं आणि खाली बसला. पुढं अर्ध्या तासात परत आभाळ आलं, परत गेलं. तिसऱ्या खेपेला वारा एकदम पडला. शीड लोंबलं. काका म्हणाला, "ओढा," आणि आम्ही तिघं दोरीला लागलो, पण दहा हात दोरी आत आली नसेल तोच पश्चिमेकडून पांढरी भिंत चालत आली. पाऊस होता तो, आडवा. काकानं ओरडून दोरी परत खुंटाला आवळायला लावली आणि स्वतः मागं मशीनकडे गेला.

लाटा किती मोठ्या होत्या ते मी सांगणार नाही, कारण मला माहीत नाही. घाबरलेला माणूस मोजत नाही. मशीनमध्ये पाणी गेलं आणि ते बंद पडलं. काका त्यावर ओणवा होऊन काहीतरी खटपट करत होता. बाबल्या मध्ये उभा राहून डब्यानं पाणी उपसत होता आणि अजून बोलत होता, "प्रोफेसर, पेपर भिजला तुमचा!" मी पुढं, खुंटाशी. समोर दोरी ताणलेली. प्रत्येक लाटेला होडीचं तोंड वर जायला बघायचं आणि ती दोरी त्याला खाली खेचायची, आणि तोंडावरून हिरवं पाणी आत यायचं. मी बघत होतो. मला बाण दिसायला लागले. लाट वर लोटते आहे, दोरी खाली ओढते आहे. ती दोरी आम्हांला बुडवते आहे. इतकं साधं होतं ते. मला आश्चर्य वाटलं की ह्या दोघांना ते कसं कळत नाही. खुंटाच्या बाजूला खाचेत सुरी असायची. मी ती काढली. मी कुणाला विचारलं नाही. दोन घाव घातले आणि दोरी गेली.

होडी हलकी झाली, तोंड वर आलं. एक क्षण, एकच, मला फार आनंद झाला. मी वळून काकाकडे बघितलं, शाबासकी मिळेल म्हणून.

जे मला माहीत नव्हतं आणि तिथल्या दहा वर्षांच्या पोरालाही माहीत असतं ते असं, की ते जाळंच होडीला लाटेसमोर तोंड करून धरून ठेवत होतं. तोंडावरून पाणी आत येतं, ते उपसता येतं. जाळं गेलं की होडी फिरते, लाटेला कूस देते. होडी फिरली. पुढची लाट अंगावर आली ती आडवी, सगळ्या लांबीनं. मी खुंट धरून होतो. काका सुकाणू धरून होता. बाबल्याच्या हातात डबा होता.

तो मला एकदा दिसला, वीस हातांवर, डबा अजून हातात. नंतर दिसला नाही. काकानं वल्हं टाकून होडीचं तोंड कसंबसं फिरवलं आणि मला केस धरून भाकरीच्या डब्यानं पाणी उपसायला बसवलं. तुफान फार टिकलं नाही. दाढी करायला लागतो तेवढा वेळ. मग ऊन आलं. पाणी चकचकायला लागलं, समुद्रपक्षी परत आले, आणि आम्ही दोघं बाबल्याच्या नावानं हाका मारत राहिलो. दुपार कलली तेव्हा आम्हांला आपल्या जाळ्याचे बोये दिसले. काकानं होडी तिकडे नेली, आकड्यानं दोरीचं सुटलेलं टोक उचललं आणि मांडीवर घेऊन बसला. मला शिसारी आली. माणूस गेला आणि हा जाळं वाचवतो आहे! पण त्यानं जाळं ओढलं नाही. त्यानं दोरीचं ते टोक पाहिलं, सुरीनं सरळ कापलेलं, आणि नखांनी पीळ सोडवायला लागला. एकेक धागा उलगडून त्यानं ते टोक होडीच्या काठावर घासलं, घासत राहिला, बोटांतून रक्त आलं तरी. मग खुंटाला राहिलेला तुकडा तसाच घासला. दोन्ही टोकं झिपऱ्यांसारखी झाली तेव्हा सुरी खाचेत परत ठेवली आणि म्हणाला, "दोरी तुटली. तू पुढं होतास, तू बघितलंस, तुटली."

मी म्हणालो, "काका, मी..."

"तुझी परीक्षा कधी हाय?"

"मार्चमध्ये."

"मग मार्चात परीक्षा दे. दोरी तुटली."

इतर होड्या शोधायला आल्या. बाबल्या त्या दिवशी मिळाला नाही. दोन दिवसांनी दक्षिणेच्या एका पुळणीवर मिळाला, त्याबद्दल मी लिहिणार नाही. आम्ही किनाऱ्याला लागलो तेव्हा सगळा गाव उभा होता आणि होडीत दोनच माणसं आहेत हे त्यांनी लांबूनच मोजलं होतं. येसूवैनी रडत नव्हती. ती पाण्यात गुडघाभर येऊन होडीच्या आत बघत होती, मध्ये, तो उभा राहायचा त्या जागी. गावच्या एका म्हाताऱ्या तांडेलानं खुंटाला राहिलेला दोरीचा तुकडा हातात घेतला, बघितला आणि विचारलं, "दादू, तूच हातातनं काढली होतीस न्हवं?" काका म्हणाला, "व्हय. दोरी माझी." म्हाताऱ्यानं तो तुकडा वाळूत टाकला. मी काकाच्या मागं उभा होतो.

पुण्याला परत आल्यावर तिसऱ्या दिवशी मी बाबांना सगळं सांगितलं. ते कामावर जायला निघाले होते, डबा हातात. त्यांनी डबा खाली ठेवला, मला एक मुस्काटात दिली, जन्मात पहिली आणि शेवटची, आणि म्हणाले, "दादूनं सांगितलं तुटली, तर तुटली. आता त्याचं सांगणं वाया घालवू नको." भोंगा झाला आणि ते गेले. आई आत चुलीशी होती. तिनं ऐकलं होतं. तिनं माझ्या ताटात भात वाढला आणि समोर बसून मी तो संपवेपर्यंत उठली नाही.

दोरी न तपासणाऱ्या तांडेलाबरोबर कोण जाणार? त्या हंगामात काकाला खलाशी मिळाला नाही, पुढच्याही नाही. काकीला विहिरीवर बायका जागा द्यायच्या, पण बोलायच्या नाहीत. दोन वर्षांनी बाबा गावी गेले आणि काका-काकींना पुण्याला घेऊन आले. काका हडपसरच्या एका गोदामावर दिवसपाळीचा वॉचमन झाला. खाकी कोट त्याला आखूड व्हायचा, मनगटं बाहेर राहायची. स्टुलावर बसून तो आभाळ बघायचा आणि ट्रकवाले त्याला विचारायचे, "मामा, ताडपत्री टाकू का?" तो सांगायचा ते बरोबर निघायचं. त्याच वर्षी मी पदवीधर झालो. पेढे घेऊन गेटवर गेलो तर त्यानं पेढा खाल्ला, हात कोटाला पुसले आणि निकालाचा कागद उलटसुलट करून बघितला. वाचता येत नव्हतं त्याला. "शिक्का हाय," म्हणाला. पुढं मी शिक्षक झालो. तीस वर्षं शास्त्र शिकवलं, फळ्यावर हजारो बाण काढले, पण होडीचं उदाहरण कधी दिलं नाही.

बाबल्याचा मुलगा मोठा झाला तो हडपसरच्याच एका कंपनीत लागला. आईला त्यानं इकडे आणलं. आज काका नाही, येसूवैनीही नाही. हे कुणी वाचावं म्हणून लिहितो असं मला कुणी विचारलं, तर माझं उत्तर तो मुलगा असं आहे.

येसूवैनी राहायची तिथून भाजीबाजाराला जायचा रस्ता नेमका काकाच्या गोदामावरून. मी शाळेतून सुटून काकाला भेटायला जायचो तेव्हा एक दिवस मी ते बघितलं. पिशवी घेऊन येसूवैनी आली, गेटजवळ आल्यावर थुंकली आणि पदर तोंडावर घेतला. काका स्टुलावरून उठून उभा राहिला होता. ती पार जाईपर्यंत उभा राहिला, मग बसला. मी विचारलं, "रोज?" तो म्हणाला, "बाजाराच्या दिवशी." पन्नाशी उलटलेला माणूस शाळेतल्या पोरासारखा उभा.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी शाळेतून रजा घेऊन गेलो. ऊन मी म्हणत होतं. ती आली तसा मी रस्त्यात आडवा झालो.

"वैनी, थांबा. ती दोरी तुटली नव्हती. मी कापली. सुरीनं. काकाचा काही दोष नाही."

ती थांबली. पदर खाली घेतला आणि माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता ही मला मारेल, आणि मारावं असंच मला वाटत होतं. तेवढ्यात काका पुढं आला आणि म्हणाला, "येसू, त्याचं ऐकू नको. मास्तर झालाय, मोठ्या मनाचा झालाय. मी खाली मान घालून उभा राहतो ते त्याला बघवत न्हाय, म्हणून बोलतोय. दोरी कुजकी होती. मला ठावं होतं, हंगाम जाईल म्हणून बोललो न्हाय."

हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण हे खोटं होतं. पण तिला ते खरं वाटलं. इतक्या वर्षांनी ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली. "ठावं होतं?" तिनं विचारलं. "ठावं असून नेलंस माझ्या माणसाला? आणि आता हे शिकलेलं पोर तुझं पाप आपल्या अंगावर घेतंय, ते बघत उभा राहतोस? लाज वाट जरा, दादू." मग ती माझ्याकडे वळली. वयानं माझ्याहून मोठी बाई, पिशवी खाली ठेवून तिनं मला हात जोडले. "मास्तर, तुमच्या आईवडलांनी चांगलं शिकवलं तुम्हांला."

मी आणखी एकदा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. काकानं माझ्याकडे बघितलं, आणि मी ते मिटलं. ती निघून गेली. काका स्टुलावर बसला, कोटाची बटणं चाचपली आणि म्हणाला, "परत असलं करायला हितं येऊ नको."

मला त्या वेळी काय वाटलं ते सांगतो. मला हायसं वाटलं. मी सांगितलं होतं, माझ्याकडून झालं होतं, आणि तिनं मानलं नव्हतं. रजा अर्ध्या दिवसाचीच होती. मी तसाच शाळेत जाऊन सातवीचा तास घेतला.

काका त्या गेटवर आणखी सहा वर्षं होता. बाजाराच्या दिवशी ती यायची आणि तो उभा राहायचा, असं ट्रकवाले सांगायचे. मी घरी जायला दुसरा रस्ता धरला होता. तो लांबचा पडायचा, पण सायकल होती.